नर केवढा होता

सकाळच्या चहापासून परी कळा देत होती आणि दुपारचं ऊन अंगणात उतरलं तरी पिल्लू आलं नव्हतं.

परी म्हणजे मांजरीएवढी, पांढरीशुभ्र पॉमेरेनियन कुत्री. कुंभार पिंपळगावात रामेश्वरच्या घरामागं पत्र्याची खोली होती, तिथं कूलरसमोर जुन्या दुलईवर ती आडवी पडली होती. पोट आवळलं की मान उचलून मागं बघायची आणि पुन्हा मान टाकायची. आता दोन कळांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

खोलीत चौघं होती. रामेश्वर, त्याची आई गोपिकाबाई, जनावरांचे डॉक्टर कल्याण आणि जालन्याचा हरिओम. रामेश्वरची बायको चतुर्थीला म्हणून राजूरला माहेरी गेली होती. हरिओमचं जालन्यात कुत्र्या-मांजरांचं दुकान होतं. परीची सगळी पिल्लं त्यानं आधीच गिऱ्हाइकांना सांगून ठेवली होती आणि पिल्लं जन्मतानाचा व्हिडिओ काढायला तो स्वतःच्या गाडीनं आला होता. आईसोबत दाखवलं की गिऱ्हाईक शंका घेत नाही, असं त्याचं म्हणणं. मोबाइल त्याच्या हातातून खाली गेला नव्हता.

डॉक्टरांनी हातमोजा काढला. "बोटाला लागतंय. पण डोकं आहे का मागची बाजू, सांगता येत न्हाई. इथं एक्स-रे न्हाई आपल्याकडं." मग त्यांनी रामेश्वरकडं पाहिलं. "नर केवढा होता?"

"काय म्हणले?"

"पिल्लांचा बाप. अंगानं केवढा होता?"

रामेश्वरनं मान वर केली. हरिओमचा मोबाइल त्याच्या तोंडाकडं वळला होता.

"संभाजीनगरचा हाय," तो म्हणाला. "मीच घेऊन गेल्तो हिला. परीएवढाच. उलट बारीकच."

भिंतीपलीकडं कुणीतरी बादली आदळली.

रामेश्वर बोलला ते खोटं नव्हतं. ते अर्धं होतं.

त्याचा बाप मेंढरं घेऊन गोदाकाठानं फिरला होता. रामेश्वरनं मेंढरं काढून टाकली, थोड्या शेळ्या ठेवल्या आणि लहान जातीची कुत्री पाळून विकायला लागला. या धंद्यात त्याचं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जायचं. रामेश्वरकडचं पिल्लू मिसळीचं नसतं. दोन महिन्यांपूर्वी परी माजावर आली तेव्हा त्यानं तिला संभाजीनगरला नेऊन नावाजलेला नर लावला. परत आणली तेव्हा माज पुरता उतरला नव्हता. अशात दुसरा नर लागू शकतो आणि एकाच वेताला दोन बापांची पिल्लं राहू शकतात, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं बंदोबस्त केला, आणि तो केला घराण्याच्या रीतीनं. कळपात अवेळी कोकरं होऊ नयेत म्हणून त्याचा बाप मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधायचा. मेंढा मेंढीवर गेला तरी काम होत नसे. रामेश्वरनं तसंच एक जाड फडकं परीच्या मागल्या अंगाला बांधलं आणि तो निर्धास्तपणे शेळ्यांच्या चाऱ्याला गेला.

"फडकं नराला बांधतेत रे बाबा," गोपिकाबाई तेव्हाच म्हणाली होती. "मादीचं तोंड पोचतंय तिथं बांधलं तर ती खाऊन टाकील."

"मंग काय माय, गावातल्या सगळ्या कुत्र्यायला लंगोट शिवू का?"

परीनं फडकं कुरतडलं, आणि भिंतीच्या मोरीतून शेजारचा चिवडा आत आला.

चिवडा ज्योत्स्ना मॅडमच्या घरचा. ज्योत्स्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, नवरा सुमित नोकरीला अंबडला जाऊन-येऊन असायचा, मुलगी अक्षता अकरावीला होती. चिवडाची आई कुणाच्या तरी घरची पॉमेरेनियन आणि बाप गल्लीतला. परीच्या दुप्पट अंग, एक कान उभा, एक पडका, रंग पांढरा, तांबडा आणि मध्येच काळा. त्याच्यावरून भिंतीच्या दोन्ही बाजूंनी थट्टा चालायची.

"अक्षता, ह्याची जात कोणती म्हणायची गं?" रामेश्वर विचारायचा.

"चिवडाच, काका. त्यात सगळंच असतं."

"चिवडा गिऱ्हाईक फुकट चाखून जातं, बाई. पेढा इकत घ्यावा लागतो."

"तुमचा पेढा उन्हाळ्यात वितळतो ना पण. आमच्या चिवडाला कूलर लागत न्हाई."

त्या दिवशी अक्षतानं गच्चीवरून दोघांना एकमेकांत अडकलेलं पाहिलं आणि तिथूनच हाक मारून सांगितलं. रामेश्वर चाऱ्याची पेंढी टाकून तडक त्यांच्या दारात गेला. ज्योत्स्ना पेपर तपासत बसली होती.

"मॅडम, तुमच्या कुत्र्यानं माझी परी बाटवली."

ज्योत्स्नानं मान वर केली. "काय म्हणालात?"

तिला ऐकू आलं नाही, असं रामेश्वरला वाटलं. त्यानं आवाज चढवला. "बाटवली म्हणलं! परी बाटली ती आता."

समोरच्या ओट्यावर शेंगा फोडणाऱ्या दोन बायकांचे हात थांबले. ज्योत्स्नानं लाल पेनाला टोपण लावलं आणि ती उठून उंबऱ्यापाशी आली.

"अहो, मी कुत्रीचं बोलून राह्यलो," रामेश्वर म्हणाला. काहीतरी चुकलं हे त्याला कळलं होतं, काय ते अजून कळलं नव्हतं.

"कुत्रीचंच बोलताय, ते समजलं. शब्द कुणाचा आणला?" तिचा आवाज वर गेला नाही. "आडाचं पाणी बाटलं म्हणून आमच्या म्हाताऱ्यांना गावानं हाणलं होतं. छप्पन्न सालाआधी. तो शब्द ऐकायचा नाही म्हणून ते गाव सोडून इथं आले. आणि तुम्ही माझ्या उंबऱ्यावर उभं राहून तो दोनदा बोललात."

तिथं थांबता आलं असतं. रामेश्वर थांबला नाही. चूक कळलेल्या माणसाला येतो तसा राग त्याला आला.

"मंग बांधून ठेवा ना त्याला. एखाद्या दिवशी बाहेरची भाकर खाऊन आडवा पडला तर मला बोलायचं न्हाई."

अक्षता आतून पळत आली आणि चिवडाला उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी गोपिकाबाईनं मध्ये पडून मिटवलं, ओट्यावरच्या बायकांनाही गप्प राहायला सांगितलं. मॅडमच्या घरातून ही गोष्ट बाहेर जायची नाही आणि रामेश्वरनं चिवडाला हात लावायचा नाही. दोन्हीकडून शब्द दिला गेला. मोरीला जाळी बसली. थट्टा बंद झाली. बाटवली या शब्दाबद्दल रामेश्वर काही बोलला नाही. आधी लागलेला नर तोच खरा, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि परीचं पोट वाढत गेलं तसं ते त्याला पटतही गेलं.

आता डॉक्टर बॅगेत शोधत होते.

"नीट ऐक," ते म्हणाले. "बाप बारीक असेल तर पिल्लं बारीक. मंग नुसत्या कळा थकल्यात. एक इंजेक्शन देतो, कळा जोर धरतील, पिल्लू बाहेर पडेल. पण बाप मोठा असेल आणि पिल्लू हाडात अडकलं असेल, तर ह्याच इंजेक्शननं पिशवी फुटते. फुटली की कुत्री राहत न्हाई. म्हणून विचारून राह्यलो."

"सांगितलं की, डॉक्टर."

"नंतर दुसरा कोणता लागला न्हाई ना?"

हरिओम हसला. "डॉक्टरसाहेब, माल रामेश्वरचा हाय. बिलकुल शुद्ध. बोल रे, इकडं बघून बोल. चांगलं येऊन राह्यलं."

"रामेश्वरा," गोपिकाबाई म्हणाली.

"तू चूप बैस, माय."

डॉक्टरांनी काचेच्या कुपीचं टोक मोडलं. तो बारीक आवाज भिंतीपलीकडंही गेला असावा, कारण लगेच अक्षताचं बोलणं ऐकू आलं. पत्र्याच्या खोलीत बाहेरचं सगळं ऐकू यायचं आणि आतलं बाहेर जायचं.

"मम्मी, तू सांग ना. मरून जाईल ती!"

"शब्द दिलाय आपण."

"अगं, पण तिचा काय दोष आहे?"

"तुझा चिवडा त्याच शब्दावर आहे, अक्षता. मी तो मोडला तर उद्या त्यालाही मोडता येतो."

रामेश्वरनं ते ऐकलं. डॉक्टर सिरिंज भरत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. हरिओमनं भिंतीकडं पाहिलं. "कोण हाय?"

"शेजारचे," रामेश्वर म्हणाला. "त्यायचं काहीतरी."

फाटकाची कडी वाजली. दोन महिन्यांत ज्योत्स्ना या अंगणात पहिल्यांदाच आली. ती खोलीच्या दारात थांबली. आधी तिनं परीकडं पाहिलं, मग सिरिंजकडं.

"या बाई," गोपिकाबाई म्हणाली आणि भिंतीला सरकून जागा केली.

"बसत नाही, मावशी." ती रामेश्वरकडं वळली. "रामेश्वरभाऊ, मी काही सांगायला आलेली नाही. मी शब्द दिलाय, तो पाळणार. डॉक्टरांनी जे विचारलं, ते तुम्हाला बरोबर ऐकू आलं का, तेवढं बघायला आले."

"आलं ऐकू," रामेश्वर म्हणाला.

"मग झालं."

ती गेली नाही. दारातच उभी राहिली. हरिओम एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होता. "काय मॅटर हाय, रामेश्वर?"

परीला कळ आली. ती कण्हली नाही, फक्त तिचे मागचे पाय ताणले गेले आणि दुलईवर गडद हिरवं पाणी उतरलं. डॉक्टर वाकले.

"पिल्लाची वार सुटायला लागली. आता थांबता येत न्हाई." त्यांनी परीच्या मांडीची कातडी चिमटीत धरली. सुई वर केली. "देऊ?"

मोबाइल अजून चालूच होता. रामेश्वरला हरिओमच्या अंगठ्याशेजारचा लाल ठिपका दिसत होता. जालना, अंबड, परतूर, जिथं जिथं त्याची पिल्लं गेली होती, त्या सगळ्या घरांत हा व्हिडिओ जाणार होता.

"लागला होता," तो म्हणाला.

सुई थांबली. "कोण?"

"दुसरा. माघारी आणल्यावर. मॅडमचा चिवडा."

"केवढा आहे?"

रामेश्वरनं दोन हात समोर धरले. त्यांतलं अंतर पाहिलं. मग हात आणखी लांब केले.

डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. "उचला हिला. जालन्याला न्यायचं, आत्ताच्या आत्ता. पोट फाडावं लागणार. मी तिथं फोन करून ठेवतो."

हरिओमनं मोबाइल खाली केला. "दोन महिने मला शुद्ध-शुद्ध सांगून राह्यला ना तू? मी लोकायला जबान दिली, रामेश्वर!"

"हरिओम, गाडी काढ. शिव्या वाटंनं दे."

"माझ्या गाडीत? ह्या मिक्सच्या वेतासाठी? हिरवं पाणी गळून राह्यलं तिचं, सीटा खराब व्हतील." तो चप्पल घालता घालता बोलत होता. "मला दुकानावर जायचंय. तुझं तू बघ."

गाडी गल्लीत वळवायला त्याला वेळ लागला. मग ज्योत्स्नानं भिंतीकडं तोंड करून हाक दिली.

"अक्षता, गाडीची चावी आण. आणि पप्पांना फोन कर, म्हणावं मम्मी जालन्याला चालली."

"मॅडम, तुम्ही?" रामेश्वर म्हणाला.

"दुसरं कोण दिसतंय का तुम्हाला? घनसावंगीच्या पुढं मी कधी चालवलेली नाही, आधीच सांगून ठेवते."

"जा बाई, जा," गोपिकाबाई म्हणाली. "ह्यो तर बसायच्याच कामाचा हाय."

रामेश्वर मागच्या सीटवर बसला, मांडीवर दुलईत परी. ज्योत्स्ना पुढं वाकून, स्टिअरिंगला छाती लावल्यासारखी चालवत होती. घनसावंगी मागं पडलं आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, दोन्ही तुडुंब भरलेल्या, अर्धा रस्ता त्यांचाच. आतल्या टेपवरची गाणी मागच्या गाडीपर्यंत ऐकू येत होती, हॉर्न ट्रॅक्टरवाल्याला ऐकू येत नव्हता.

"घाला, मॅडम. जागा हाय."

"समोरून येतंय काहीतरी."

"लांब हाय ते! घाला!"

"लांब आहे का जवळ, ते मी बघते. तुम्ही तिचं बघा."

समोरची एसटी निघून गेली. मग तिनं गाडी उजवीकडं काढली. उसाचे शेंडे काचेला घासत गेले. डाव्या आरशाचा चुरा झाला असता, इतक्या जवळून ती ट्रॅक्टरच्या पुढं आली. दोघांनीही श्वास सोडला, पण एकमेकांना ऐकू जाणार नाही असा.

परीची जीभ बाहेर लोंबत होती. रामेश्वरनं बाटलीचं पाणी बोटावर घेऊन तिच्या हिरड्यांना लावलं. हिरड्या फिकट झाल्या होत्या.

"मॅडम," अंबड ओलांडल्यावर तो म्हणाला, "तवा मी दारात जे बोललो ना, ते..."

"आत्ता नाही."

"न्हाई, मला म्हणायचं होतं..."

"आत्ता तुम्ही अडचणीत आहात आणि माझ्या गाडीत आहात. आत्ता तुम्ही काहीही म्हणाल. ते मला नको." तिनं आरशात पाहिलं. "तिची मान वर धरा. नाकात दुलई जातेय."

त्यानं मान वर धरली. जालन्यापर्यंत ती तशीच धरून ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरीण बाई तयारच होत्या. त्यांनी परीला हातात घेऊन थेट आत नेलं आणि दार लावलं. बाहेरच्या बाकावर एक म्हातारा पोपटाचा पिंजरा घेऊन बसला होता, एक बाई मांजराला कुरवाळत होती. ज्योत्स्ना बाकाच्या एका टोकाला बसली. रामेश्वर उभा राहिला. त्याच्या शर्टावर हिरवे डाग वाळले होते. पोपटवाल्यानं विचारलं, "काय जात आहे हो तुमची?" आणि मग, "कुत्रीची म्हणतो." रामेश्वरनं ज्योत्स्नाकडं पाहिलं. ती मोबाइलवर अक्षताला काहीतरी लिहीत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचं बोट थांबलं होतं.

"पामेरियन," तो म्हणाला.

"नाजूक असतात," पोपटवाला म्हणाला.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीण बाईंनी मास्क हनुवटीखाली ओढलेला होता. "कुत्री वाचली," त्या म्हणाल्या. "पहिलं पिल्लू मोठं होतं, मान वाकडी होऊन हाडात बसलं होतं. ते गेलं. मागची दोन काढलीत. पिशवी काढून टाकावी लागली, आता तिला पिल्लं होणार नाहीत. गावाकडं कळांचं इंजेक्शन दिलं नव्हतं ना?"

"न्हाई."

"दिलं असतं तर इथवर आली नसती."

रामेश्वर बाकावर बसला. वेतामागून वेत द्यायची ती एकच मादी त्याच्याकडं होती, बाकीच्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. हे त्याच्या डोक्यात आलं आणि तेवढ्यात आतल्या मदतनीस बाईनं एका टॉवेलात दोन पिल्लं आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"घासत राहा," ती म्हणाली. "भुलीचं औषध ह्यांनापण चढलंय. रडेपर्यंत हात थांबवायचा नाही. पाठीवर, असं, जोरात. घाबरू नका, मोडत नाही ते."

एक पिल्लू पांढरं होतं. दुसऱ्याच्या पाठीवर तांबडा डाग होता आणि एका कानाचं टोक काळं. रामेश्वर दोन्ही हातांनी दोन पिल्लं घासू लागला. त्याच्या खिशात मोबाइल वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"मॅडम, जरा बघता का? माय असंल. जीव टांगणीला लागला असंल तिचा."

ज्योत्स्नानं त्याच्या शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला, स्पीकर लावला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. गोपिकाबाई नव्हती.

"हां रामेश्वर, काय झालं?" हरिओम म्हणाला. "किती निघाले?"

"दोन."

"आन् परी?"

"हाय."

"मंग ऐक. मघाशी डोकं गरम झाल्तं माझं, सोड ते. एखादं पांढरं हाय का दोन्हीत?"

रामेश्वरनं मांडीवर पाहिलं. "एक हाय."

"बास! झालं काम. त्याचा फोटो टाक मला. पामेरियन म्हणूनच जातं ते, गिऱ्हाइकाला काय कळतंय? अन् आजचा व्हिडिओ मी डिलीट मारतो. तू फक्त त्या मास्तरणीचं तोंड संभाळ."

ज्योत्स्नाचा हात तसाच राहिला. मोबाइल हलला नाही.

"मास्तरणीच्याच हातात फोन हाय," रामेश्वर म्हणाला.

पलीकडं दुकानातलं कुत्रं भुंकलं.

"हरिओम, पांढरं कोणाचं हाय ते मला सांगता येत न्हाई," रामेश्वर म्हणाला. हात चालूच होते, त्यामुळं त्याला धाप लागत होती. "संभाजीनगरचं असंल, चिवडाचं असंल. जे सांगता येत न्हाई ते मी शुद्ध म्हणून देणार न्हाई. दोन्हीबी मिक्स धर. मिक्स म्हणून न्यायचं तर ये."

"मिक्सला कोण इचारतंय, येड्या? तुझं नाव जाईन."

"जाऊ दे."

"दुसऱ्याकडून घेईन मंग मी. सांगून ठेवतो."

"घे."

फोन कट झाला. ज्योत्स्नानं तो बाकावर पालथा ठेवला. मांजरवाली बाई आणि पोपटवाला दोघंही दुसरीकडं बघत होते. टॉवेलात डागाच्या पिल्लानं तोंड उघडलं. आधी आवाज आला नाही, मग दाराची बिजागरी करकरावी तसा एक बारीक आवाज आला.

पांढरं गप्पच होतं. रामेश्वरनं त्याच्या पाठीवर बोटं आणखी जोरात फिरवली. दुसऱ्या हातातलं पिल्लू आता वळवळत होतं, आणि एकाला सांभाळताना दुसऱ्यावरचा जोर कमी पडत होता.

ज्योत्स्ना बाकावरून त्याच्याकडं सरकली आणि तिनं ओढणी हातावर पसरली.

"द्या एक इकडं."

"कोणतं देऊ?"

"जे रडत नाही ते."

त्यानं पांढरं पिल्लू तिच्या हातावर ठेवलं. ती घासू लागली.